मार्गशीर्षातले चार गुरुवार

निगडीच्या बसस्थानकाबाहेर बुधवारी संध्याकाळी बायका डहाळ्या घेऊन बसायला लागल्या की मला कळतं, मार्गशीर्ष लागला. आंबा, पेरू, चिकू, अशोक, आणि पाचवं जे मिळेल ते झाड. पाच झाडांच्या पाच फांद्या एका दोऱ्यात बांधलेल्या. शेजारी फळांचे वाटे, कमळाच्या मिटलेल्या कळ्या, पाण्याचा हबका मारून टवटवीत ठेवलेला झेंडू. दुसऱ्या दिवशी घरोघरी तांब्यावर नारळ ठेवून, भोवती या डहाळ्या लावून बायका घट मांडतात, दिवसभर उपास धरतात, आणि त्या दिवशी घरात कांदा-लसूण शिजत नाही. मी त्या बायकांच्या समोरून जाताना हल्ली रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातो. पलीकडे चपलांचं दुकान आहे आणि मोबाइल दुरुस्तीचं. तिथं कुठलाच महिना लागत नाही.

आमच्या पट्ट्यात गुरुवारला आणखी एक अर्थ आहे. भोसरीच्या, चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत पुष्कळ कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी सकाळी भोसरीतून बस जाते तेव्हा काही तरी हरवल्यासारखं वाटतं, आणि थोड्या वेळानं ध्यानात येतं की पत्रा ठोकण्याचा, लोखंड कापण्याचा तो रोजचा आवाज नाही. शटरं खाली, टेम्पो उभे, चहाच्या टपरीवर उलटे ठेवलेले ग्लास. मार्गशीर्षात हे दोन गुरुवार एकावर एक येतात. वर्कशॉपं मुकी असतात आणि खोल्याखोल्यांतून उदबत्तीचा वास येत असतो.

गेल्या मार्गशीर्षात माझा धाकटा भाऊ माधव आजारी होता. त्या महिन्यात चार गुरुवार आले. चारही मी नुसते जाऊ दिले. हे लिहायला मला वर्ष लागलं.

माधव चाकणच्या एका कारखान्यात लोखंडाचे पार्ट कापणाऱ्या सीएनसी मशीनवर होता. वीस वर्षं. राहायला मोशीत, इंद्रायणीच्या अलीकडे, दोन खोल्यांचा फ्लॅट. तो आणि त्याची बायको उषा. मूलबाळ झालं नाही. मी निगडीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकटा राहतो. आम्ही लातूर जिल्ह्यातले, उदगीरजवळच्या एका खेड्यातले. आधी मी शिक्षणासाठी आलो, मग माझ्यामागून तो कामासाठी. मला पुस्तकं सापडली, त्याला लोखंड. लोखंड त्याला जास्त आवडलं एवढं मात्र खरं. एखादा पार्ट हातात घेऊन तो नुसत्या अंगठ्यानं सांगायचा, किती बारीक फरक पडलाय. मला पुस्तकाचं पान चाचपून त्यातलं काही कळत नाही.

आजार पोटाचा होता. तिसऱ्या वेळचं औषध शिरेतून गेल्यावर त्याच्या तोंडाची चव गेली. गेली म्हणजे नाहीशी नाही झाली, बदलली. लोखंड कापताना ते तापू नये म्हणून मशीनवर पांढरट पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. सगळ्याला कूलंटची चव येते, असं तो म्हणायचा. भाताला कूलंट, दुधाला कूलंट, डाळिंबाला कूलंट. एकदा हसून म्हणाला, वीस वर्षं कंपनीत होतो, आता कंपनी माझ्यात आली.

उषा जुन्नरकडची. तिच्या हाताला चव आहे, हे आमच्याकडे सगळे मान्य करतात. ती त्या महिन्यांत दिवसाला पाच पाच पदार्थ करायची. मुगाचं कढण, बाजरीचा घाटा, नाचणीचं आंबील, मऊ भात. मासवडी केली होती एकदा, तो पदार्थ त्याचा जीव की प्राण. दोन घास खाऊन तो म्हणायचा, छान झालंय, आणि ताट हळूच पुढे सरकवायचा. ती ताट उचलून न्यायची आणि मग स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सुरू राहायचा.

एका रविवारी मी त्याच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचत होतो. डोळे मिटून पडलेला माधव एकदम म्हणाला, "दादा, स्टँडवरचा सुशला मिळाला तर खाईन मी."

सुशला म्हणजे काय हे इकडच्या वाचकांना सांगायला हवं. इकडे कुणाला ठाऊक असला तर तो सुशीला म्हणून ठाऊक असतो. मुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच काढून पिळायचे, कांदा-मिरचीच्या, शेंगदाण्याच्या भरपूर फोडणीत टाकायचे, वर डाळव्याचं, म्हणजे भाजक्या हरभऱ्याच्या डाळीचं, पीठ भुरभुरायचं, कोथिंबीर, लिंबू. दोन मिनिटांचं काम. आमच्याकडे तो घरीही करतात, पण माधव म्हणत होता तो उदगीरच्या बसस्टँडजवळच्या पत्र्याच्या शेडमधला. आम्ही खेड्याहून पहाटेच्या गाडीनं शाळेला यायचो. उतरलो की थंडीत हात काखेत धरून त्या शेडसमोर उभे राहायचो. करडईच्या तेलाचा खरपूस वास, परातीएवढ्या कढईत झाऱ्याचा आवाज, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर मिळालेला गरम सुशला, सोबत एक भजं आणि मीठ लावून तळलेली मिरची. तेल कागदावर पसरत जायचं आणि अक्षरं पारदर्शक व्हायची. खाऊन झाल्यावर मी कागद वाचायचो. माधव कागद चाटायचा. त्यावरून घरी आम्हा दोघांचं भविष्य सांगून झालं होतं.

इतक्या वर्षांत माधवनं त्या सुशल्याची आठवण काढलेली मी ऐकली नव्हती. माणूस कशाचा भुकेला आहे हे त्याचं त्यालाही फार उशिरा कळत असावं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाहेरचं, उघड्यावरचं नको, गर्दीत नेऊ नका, धूळ नको. पण घरी, डोळ्यांसमोर गरम केलेलं काहीही चालेल, त्याला जे जाईल ते जाऊ द्या. उषानं त्याच दिवशी मोबाइलवर बघून सुशला केला. तिनं चिमूटभर साखर घातली, जशी ती पोह्यांत घालते. माधवनं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, छान झालाय.

मग मी शोधायला निघालो.

या पट्ट्यात साऱ्या महाराष्ट्राची भूक हातगाडीवर उभी आहे. खानदेशी भरीत, वऱ्हाडी ठेचा, नगरी भेळ, सोलापुरी चटणी, कोकणातली घावनं. जिथं जिथं शिफ्ट सुटते तिथं तिथं एक जिल्हा कढई तापवून वाट बघत असतो. पाटीवर जवळजवळ प्रत्येकाच्या 'अस्सल' असतं. मी पूर्वी या शब्दाकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. गावात कुणी तो पाटीवर लिहीत नाही. उदगीरच्या त्या शेडला तर पाटीच नव्हती.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं म्हणून मी माणला गेलो. एके काळचं खेडं, आता आयटी पार्कच्या काचांच्या इमारती त्याच्या शेतांत उतरल्यात. तिथं एका चकचकीत गाळ्यात 'मराठवाडा स्पेशल' मिळत होतं. सुशल्यावर शेव होती, मक्याचे दाणे होते आणि किसलेलं चीज होतं. मालक पंचविशीतला, फार अदबीचा. ओरिजिनल टेस्ट आहे सर, म्हणाला. मी विचारलं, आपण मराठवाड्यात कुठले? तो म्हणाला, मी सांगलीचा, पण आयटीच्या पोरांना मराठवाडा लई आवडतो. त्याच्यावर रागावता येईना. तोही घरापासून लांबच होता, आणि त्यानं दुसऱ्याचं घर पाटीवर लावलं होतं.

चाकणला नांदेडच्या एका बाईंची खाणावळ सापडली. त्यांनी माझ्यासमोर करून दिला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त तो त्यांच्या घरचा होता. त्यांनी विचारलं, कसा झाला? मी खरं तेच सांगितलं, चांगला झाला. बसमध्ये बसल्यावर मला कळेना की मी नेमकं काय शोधतोय आणि सापडलं तर ते मला ओळखता येणार आहे का. चव आठवते असं आपण म्हणतो. मला तरी चव आठवत नव्हती. थंडी आठवत होती, आणि शेजारी कागद चाटणारा माधव.

मार्गशीर्ष लागायच्या पंधरवडाभर आधी, एका रविवारी भोसरीत, औद्योगिक वसाहतीतल्या एका आतल्या रस्त्यावर, मी गाड्यांच्या रांगेपुढून वाकून वाकून कढया बघत चाललो होतो. डोक्याला मफलर बांधलेला एक माणूस झारा थांबवून म्हणाला, "काय शोधलालाव, सर?"

असं बोलणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या तोंडातून ते पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत गेलं. लोक हसायचे. मी उभा राहिलो. त्याच्या कढईत पिवळे मुरमुरे होते आणि वास करडईचा होता. त्यानं कागदावर एक भजं, एक मिरची आणि सुशला ठेवून माझ्या हातात दिला. तेल कागदावर पसरायला लागलं. खाऊन झाल्यावर मी कागद वाचला.

त्याचं नाव बालाजी. गाव उदगीरपासून दहा-बारा कोसांवर. सकाळी सहा ते अकरा गाडी, मग गाडी आवरून दुपारपासून एका वर्कशॉपात सेकंड शिफ्ट. करडईचं तेल गावाहून डब्यानं येतं, मुरमुरेही तिकडूनच. इथले फुगीर असतात, पाण्यात पडले की जीव सोडतात, असं त्याचं म्हणणं. मी पार्सल मागितलं. तो म्हणाला, पार्सल होत नाही याचं. मी आग्रह धरला. भाऊ आजारी आहे, मोशीत आहे, अर्ध्या तासात पोहोचतो. त्यानं डब्यात भरून दिला, वर दोनदा कागद गुंडाळला, आणि मान हलवली.

अर्ध्या तासात त्या सुशल्याचा गोळा झाला होता. वाफेनं मुरमुरे चामट, वरचं पीठ खळीसारखं. उषानं बशीत काढून दिला. माधवनं एक घास घेतला. त्याचा चेहरा एका क्षणापुरता उघडला, दार किलकिलं व्हावं तसा, आणि परत मिटला. "हाच," तो म्हणाला. "पण मेलाय."

पुढच्या रविवारी मी हे बालाजीला जसंच्या तसं सांगितलं. तो हसला नाही. मफलर सोडून पुन्हा बांधला. त्यांचं बरोबर हाय, म्हणाला, हे कढईतनं तोंडातच जायला लागतं. मग म्हणाला, "मी येतो की घरी. कढई घेऊन येतो. गुरुवारी मला सुट्टीच हाय."

त्या दिवशी दुपारी मी मोशीला गेलो तेव्हा कित्येक आठवड्यांनी काही तरी चांगलं सांगायला घेऊन चाललो होतो.

आता इथं मला आमच्या घरातली एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. माझे वडील त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोशी आयुष्यात एकदाही थेट बोलले नाहीत. मी शिकलेला, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी कॉलेजात चारचौघांत सांगत असे. पण माधवचं लग्न होऊन उषा घरात आली तेव्हा पहिल्या दिवशी मी संकोचानं बोललो नाही, दुसऱ्या दिवशी सवयीनं, आणि मग बावीस वर्षं गेली. मी कोचावर बसलेलो असायचो आणि ती तीन फुटांवरून माधवला म्हणायची, भाऊजींना विचारा, चहा घेतील का. माधव माझ्याकडे वळून म्हणायचा, घेशील का? मी माधवला म्हणायचो, अर्धा. तोही मजेनं दोन्हीकडचे निरोप पोहोचवायचा. कधी मुद्दाम चुकीचे पोहोचवायचा. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आमच्या मध्ये दुसरं बाईमाणूसही नव्हतं. सगळी वाहतूक माधववरून.

तर त्या दुपारी उषा आत होती आणि मी माधवला बालाजीचं सांगितलं. त्याचे डोळे चमकले. मग तो म्हणाला, गुरुवारी? गुरुवारी तिचा घट असतो. या वर्षी तिनं त्याच्यासाठीच कडक धरलं होतं. नुसत्या पाण्यावर उपास. कांदा तर बुधवारी संध्याकाळीच घराबाहेर, समोरच्या बिऱ्हाडात.

बालाजीला मी आधीच विचारलं होतं की कांद्याशिवाय जमेल का. तो म्हणाला होता, कांद्याबिगर काय राहिलं सर, भिजलेले मुरमुरे.

"विचारून बघायचं का तिला?" मी म्हणालो.

"तू विचारणार?" माधव म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. तो पोटाला हात धरून हसला. इतक्या महिन्यांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्यात तो प्रश्न बुडून गेला. मग तो म्हणाला, राहू दे. तिला कोड्यात टाकायचं नाही. हो म्हणाली तर तिचं व्रत मोडणार, नाही म्हणाली तर तिच्या जिवाला लागून राहणार. चारच गुरुवार तर आहेत. पौषातल्या पहिल्या गुरुवारी बोलव त्याला.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते फार सोयीचं वाटलं. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची भाषा केली होती. मी बालाजीला तसं कळवलं, घरचा पत्ता लिहून दिला. तो म्हणाला, तुमी म्हनाल तवा.

आता मागे वळून बघताना वाटतं, आम्ही तिच्या मनाचा किती विचार केला. आम्ही दोन पुरुष, एका बंद खोलीत, हलक्या आवाजात. तिला काय वाटेल, तिला काय लागेल, तिचं काय मोडेल. एवढा विचार की विचारायचं राहून गेलं. आणि ती दाराच्या पलीकडे कणीक मळत होती, परात जमिनीवर घासल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

पहिला गुरुवार गेला. दुसरा गेला. मी कॉलेज सुटल्यावर निगडीहून भोसरी, भोसरीहून मोशी अशा दोन बस बदलून जायचो. त्या वेळी अंधारून आलेलं असायचं, नदीवरून धुक्याचा ओलसर गारवा यायचा. घरात टीपॉयवर घट, समईचा उजेड, डहाळ्यांची पानं संध्याकाळपर्यंत किंचित लोळलेली. उषाचे ओठ सुकलेले. ती पाठ करून बसून आरती म्हणायची, माधव पलंगावर उशीला टेकून हात जोडायचा. तो कधीच देवभोळा नव्हता. तो तिच्याकडे बघून हात जोडायचा, समोरच्या तांब्याकडे नव्हे.

तिसऱ्या गुरुवारी आरती व्हायच्या आधी मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्याचा हात फार हलका झाला होता, आणि बोटांच्या रेषांत भरलेला काळेपणा मात्र तसाच होता. वीस वर्षांचं तेल साबणानं जात नाही. तो छताकडे बघत म्हणाला, आज बालाजीला सुट्टी असंल ना. मी म्हणालो, हो. मग तो म्हणाला, "दादा, आजच बोलावलं असतं तर आला असता का रे तो?"

मी म्हणालो, पुढचा एकच गुरुवार राहिलाय.

"हां," तो म्हणाला. "राहू दे मग."

त्या दिवशी आरतीला उशीर झाला होता आणि मला शेवटची बस गाठायची होती. मी आरतीला थांबलो नाही. जिन्यातून उतरताना वर घंटी सुरू झाली.

हे वाक्य, राहू दे मग, मी कितीदा तरी उलटून पाहिलं आहे. पुस्तकात एखादा शब्द अडला तर मी कोश काढतो. या वाक्यात अडण्यासारखं काही नाही. माणूस मागत होता, आणि मी त्याला कॅलेंडर दाखवलं.

चौथ्या गुरुवारी उद्यापन झालं. रविवारी त्याला ताप भरला. सोमवारी दवाखान्यात नेलं. मंगळवारी दुपारी तो गेला. उन्हाळा अजून दोन-तीन महिने लांब होता.

मी या सगळ्यात बालाजीला कळवायला विसरलो.

पौषातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी साडेनऊला दाराची कडी वाजली. गावाकडची चार माणसं सतरंजीवर बसली होती. सुतकात फोडणी द्यायची नसते, शेजारच्यांनी पिठलं-भात पाठवला होता, तो झाकून ठेवलेला. मी दार उघडलं. बालाजी उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, मफलर नव्हता, एका हातात गोणपाटात बांधलेली कढई आणि दुसऱ्या हातात पिशवी. त्यानं दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला, मग माझा चेहरा पाहिला. कढई हळूच खाली ठेवली, आवाज होऊ न देता.

उषा आतून आली. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, कोण आहेत. उत्तर द्यायला मध्ये कुणी नव्हतं. तेव्हा बालाजीच म्हणाला, ताई, मी सुशलावाला, भोसरीचा. सरांच्या भावासाठी घरी येऊन करून देतो म्हनलो होतो. गुरुवारचीच सुट्टी असती मला. मी तर पहिल्याच गुरुवारी येनार होतो, पर सर म्हनले, चार गुरुवार थांबा, घरात कांदा चालत नाही.

सतरंजीवरच्या माणसांनी माना वळवल्या.

उषा वळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात चीड नव्हती. ती खरोखरच विचारत होती.

"मला का नाही विचारलं, भाऊजी?"

माधवनं नको म्हटलं, हे उत्तर होतं, पण गेलेल्या माणसाच्या मागे लपायचा धीर झाला नाही. तिनं खाली ठेवलेल्या कढईकडे पाहिलं. मग म्हणाली, "उपास माझा होता. त्यांचा नव्हता." आणि आत गेली.

बालाजी जिन्यापर्यंत जाऊन परत आला. पिशवी ठेवू का, त्यानं मला विचारलं. मग स्वतःच ती उचलून घेतली आणि गेला. कढई त्याच्या गुडघ्याला आपटत होती. तिचा आवाज दोन मजले खाली जाईपर्यंत येत राहिला.

वर्ष होत आलं. उषा आता भोसरीतल्या एका वर्कशॉपात पॅकिंगला जाते. गाड्यांचे लहान लहान भाग कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. तिलाही गुरुवारी सुट्टी असते. या वर्षी तिनं घट मांडला नाही. सवाष्णीचं व्रत आहे ते, असं खालच्या शेजारणीनं तिला समजुतीनं सांगितलं म्हणे, आणि तिनं वाद घातला नाही. मी पूर्वीसारखाच कॉलेज सुटल्यावर दोन बस बदलून जातो. आमच्यात आता बोलणं होतं. होणं भागच आहे. ती विचारते, चहा घेणार का, आणि मी तिला सांगतो, अर्धा. पहिले काही महिने हे दोन शब्द उच्चारताना मला घाम फुटायचा. इतकं सोपं होतं ते, याचाच घाम.

कधी कधी मी स्वतःशी हिशेबाला बसतो की एका कागदावरच्या मूठभर मुरमुऱ्यांनी काय होणार होतं. आजार तर हटला नसता. बालाजी आला असता, कढई तापली असती, घरभर करडईचा वास झाला असता, आणि कदाचित त्यालाही कूलंटचीच चव आली असती. मग निदान आम्हाला ते कळलं असतं. ही समजूत मी दिवसा स्वतःला घालू शकतो. भोसरीत बस बदलताना तो आतला रस्ता दिसतो, तिथं ती चालत नाही. मी त्या रस्त्यानं परत गेलेलो नाही. बालाजी तिथं अजून उभा असतो की नाही, मला माहीत नाही.

परवा या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. मी गेलो तेव्हा खालच्या मजल्यावर आरती चालली होती. उषा खिडकीशी बसून मेथी निवडत होती. टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काड्यांचा ढीग. तिनं मला बसा म्हटलं, पाणी दिलं. खालची आरती संपली. मग मेथीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "त्या महिन्यात त्यांनी परत कधी मागितला होता का तो सुशला? की एकदा सांगून सोडून दिलं?"

वर्षभर तिनं हे विचारलं नव्हतं. नाही म्हणणं एका शब्दाचं काम होतं, आणि ते तिला हवंही असेल, असं मला वाटून गेलं. मग वाटलं, तिला काय हवं असेल हे मी पुन्हा एकदा तिला न विचारता ठरवतो आहे.

"मागितला होता," मी म्हणालो. "तिसऱ्या गुरुवारी. आरतीच्या आधी."

तिचे हात थांबले. ती आठवत होती.

"तिसऱ्या गुरुवारी मी गव्हाची खीर केली होती नैवेद्याला," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर दिली त्यांना. सगळी वाटी संपवली. बोटानं पुसून खाल्ली." काड्या एका बाजूला सारत ती म्हणाली, "मला वाटलं, चव आली."